बंदरावरचा रुपया दवाखान्यात कितीसा पोचतो?

आयातशुल्क, पेटंट, व्यापार करार या बातम्या अर्थपानावर छापतात आणि सरकारी रुग्णालयातला औषधांचा तुटवडा शहराच्या पानावर. या दोन पानांचा एकमेकांशी काय संबंध, असं विचारणारी पत्रं ठाणे आणि नवी मुंबईतून आली. त्यांतले नऊ प्रश्न निवडले आहेत. मजकूर थोडा आटोपशीर केला आहे.

प्रश्न : घराच्या गच्चीतून न्हावा-शेव्याच्या क्रेन दिसतात. तिथे रोज हजारो कंटेनरांवर कस्टम्स ड्युटी भरली जाते. एवढा पैसा आमच्या दारात गोळा होतो, मग उरण-पनवेल-नवी मुंबईच्या सरकारी रुग्णालयांना त्यातला वाटा का मिळत नाही? (वाहतूक व्यावसायिक, उलवे)

ड्युटी न्हावा-शेव्याला भरली काय किंवा चेन्नईला, ती भारताच्या एकत्रित निधीत जमा होते. ती कोणत्या बंदरावर गोळा झाली, हे वाटपात बघितलं जात नाही. आणि त्यात तसा अन्यायही नाही. इथे उतरलेला माल इंदूर-लुधियान्यापर्यंत जातो आणि ड्युटीचा भार शेवटी तिथल्या गिऱ्हाइकावर पडतो.

खरी मेख पुढे आहे. समजा, 10 लाख रुपये किमतीचं एक वैद्यकीय उपकरण आयात झालं आणि त्यावर मूळ सीमाशुल्क 7.5 टक्के आहे. म्हणजे 75,000 रुपये. ही रक्कम केंद्र आणि राज्यांत वाटायच्या निधीत जाते. वसुलीचा खर्च बाजूला ठेवला तर 15व्या वित्त आयोगाच्या सूत्राने (2021 ते 2026) तिच्यातले 41 टक्के, म्हणजे 30,750 रुपये, सगळ्या राज्यांचे. त्यात महाराष्ट्राचा हिस्सा 6.317 टक्के. हातात पडले सुमारे 1,942 रुपये.

आता त्याच उपकरणावरचा दुसरा आकडा पाहा. फेब्रुवारी 2020 पासून आयात वैद्यकीय उपकरणांवर 5 टक्के आरोग्य उपकर (ठरावीक कामासाठी वेगळा लावलेला कर) आहे. तो ड्युटीवर लागत नाही, मालाच्या मूल्यावर लागतो, म्हणून तो होतो 50,000. नावात ‘आरोग्य’ आहे आणि आरोग्यसेवा हा राज्यसूचीतला विषय आहे, पण राज्यघटनेच्या अनुच्छेद 270 प्रमाणे उपकर वाटपातून वगळलेले आहेत. त्यामुळे या 50,000 पैकी राज्याच्या हक्काचा एक रुपयाही नाही. जे येईल ते केंद्राच्या योजनेतून, त्या योजनेच्या अटींवर. हा उपकर आणताना अर्थसंकल्पात आकांक्षित जिल्ह्यांतल्या (केंद्राने मागास म्हणून निवडलेल्या) रुग्णालयांचं नाव घेतलं होतं. महाराष्ट्रात असे जिल्हे चार : गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि धाराशिव. रायगड आणि ठाणे त्यात बसत नाहीत. उलट सवलतीच्या यादीत नसलेलं आयात मशिन तुमच्या पालिकेने घेतलं, तर हे 50,000 पालिकेच्याच आरोग्याच्या बजेटातून जातात.

आयातीवरच्या आयजीएसटीचा, म्हणजे एकात्मिक वस्तू व सेवाकराचा, हिशोब निराळा आहे. तो माल जिथे खपतो त्या राज्याबरोबर वाटला जातो, त्यात बंदराचा प्रश्न येत नाही.

म्हणून ड्युटी वाढली की कमी झाली, एवढ्यावर थांबू नका. वाढलेला कर ‘शुल्क’ म्हणून लावला की ‘उपकर’ म्हणून, ते बघा. उपकराचा पैसा ठरलेल्या खात्यात जातोच असंही नाही. 2018-19 मध्ये 35 उपकर आणि तत्सम आकारण्यांतून सुमारे 2.75 लाख कोटी रुपये जमा झाले, त्यातले सुमारे 1.64 लाख कोटीच त्यांच्या राखीव निधीत वर्ग झाले, असं महालेखापरीक्षकांनीच लिहून ठेवलं आहे. मार्च 2021 मध्ये प्राप्तिकरावरच्या आरोग्य व शिक्षण उपकराच्या आरोग्याच्या वाट्यासाठी वर्षअखेर न संपणारा स्वतंत्र निधी मंजूर झाला. गळती बुजवायचा हा प्रयत्न चांगला आहे, पण तो केंद्राच्या घरातला.

प्रश्न : मग मशिनवरची ड्युटी माफ करून त्या बदल्यात रुग्णालयांकडून मोफत सेवाच का घेत नाहीत? (डॉक्टर, कोपरी)

हे करून झालं आहे. मार्च 1988 च्या एका अधिसूचनेने रुग्णालयांना आयात उपकरणांवर ड्युटी माफ केली. अटी दोन : बाह्यरुग्णांपैकी किमान 40 टक्के मोफत, आणि महिना 500 रुपयांपेक्षा कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतल्या रुग्णांना मोफत भरती, त्यासाठी किमान 10 टक्के खाटा राखीव. मशिनं आली. मोफत रुग्णांच्या नोंदी मात्र अनेक ठिकाणी सापडेनात, कारण ड्युटी माफ करणारं खातं वेगळं, रुग्ण मोजणारं वेगळं, आणि दोघांत बोलणं नाही. 1994 मध्ये सवलत काढून घेतली. ही अट एकदाची नाही, कायम चालणारी आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये सांगितलं, तोवर बरंच पाणी वाहून गेलं होतं.

आज तुमच्या रुग्णांच्या कामाची आहे ती धर्मादाय रुग्णालयांची योजना : 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत, आणि एकूण बिलाच्या 2 टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे 1 लाख 80 हजार आणि 3 लाख 60 हजार. रेशनकार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला भरतीच्या वेळीच द्यायला सांगा. डिस्चार्जच्या दिवशी दाखवला की ‘आता बिल निघालं’ हे उत्तर ठरलेलं.

प्रश्न : आयातशुल्क कमी केल्यामुळे गरीब देशांचे दवाखाने अडचणीत आले, असं एका भाषणात ऐकलं. स्वस्त आयातीने लोकांचा फायदाच होतो ना? (निवृत्त पालिका कर्मचारी, नौपाडा)

तुम्ही जकातीच्या काळात नोकरी केली असेल, तर हे तुम्हाला लवकर कळेल. मुलुंड चेकनाक्यावरच्या ट्रकांच्या रांगा आठवा. जकात वाईट होती : डिझेल जळायचं, वेळ जायचा, वरकमाई चालायची. पण तिच्यात एक गुण होता. पैसा रोज आणि रोख यायचा. हिशोबाच्या वह्या तपासायला नकोत, एक नाका आणि पावतीपुस्तक असलं की काम भागत असे.

गरीब देशाचं सीमाशुल्क म्हणजे त्या देशाची जकात. बहुतेकांचं एखादं-दुसरं बंदर, आणि विमानतळ. प्राप्तिकर गोळा करायला नोंदणीकृत नोकऱ्या लागतात, व्हॅटला पक्की बिलं लागतात. शेती आणि फुटकळ व्यापारावर चालणाऱ्या देशात दोन्हींची वानवा. बंदरावरचा अधिकारी मात्र कंटेनर अडवू शकतो. म्हणून अशा देशांच्या तिजोरीत सीमाशुल्काचा वाटा श्रीमंत देशांपेक्षा कितीतरी मोठा असतो.

1980-90 च्या दशकांत कर्जाच्या अटी आणि व्यापार करार यांमुळे हे दर उतरले. सल्ला असा होता, की सीमेवरचा कर कमी करा आणि देशातला व्हॅट वाढवा. सल्ला पुस्तकात बरोबर होता. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्याच 2005 मधल्या अभ्यासात काय दिसलं? मध्यम उत्पन्नाच्या देशांनी गमावलेल्या प्रत्येक डॉलरमागे 45 ते 60 सेंट दुसऱ्या करांतून भरून काढले. कमी उत्पन्नाच्या देशांना फार तर 30 सेंट जमले. उरलेले 70 सेंट खर्चातून कापले गेले, किंवा कर्जाच्या खात्यावर चढले. पगार आणि व्याज कापता येत नाही. औषधखरेदी, लसीकरणाच्या गाड्यांचं डिझेल, इमारतीची दुरुस्ती पुढे ढकलता येते, म्हणून कात्री तिथे लागते. एप्रिल 2001 मध्ये आफ्रिकेतल्या देशांनी अबुजा इथे ठरवलं होतं, की सरकारी खर्चाचा किमान 15 टक्के भाग आरोग्याला द्यायचा. मोजक्याच देशांना ते कधीमधी साधलं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

ठाण्याने याची उलटी बाजू अनुभवली आहे. ठाण्यात जकात होती, नवी मुंबईत जकात नव्हतीच, उपकर होता. 2013 मध्ये दोन्हीकडे स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी, आला. ऑगस्ट 2015 पासून 50 कोटींच्या खालच्या उलाढालीला तो माफ झाला आणि 1 जुलै 2017 ला जीएसटी आल्यावर सगळंच संपलं. पण राज्याने त्याच वेळी पालिकांना भरपाई देण्याचा कायदा केला. 2016-17 हे पायाभूत वर्ष, आणि दरवर्षी चक्रवाढीने 8 टक्के वाढ. पायाभूत उत्पन्न 100 रुपये असेल तर 2024-25 ला 185 रुपये. हे कायद्यात लिहिलेलं आहे, म्हणून पालिकेच्या रुग्णालयातला पगार थांबला नाही. गरीब देशांना सीमाशुल्क सोडताना अशी हमी देणारा कोणी नव्हता.

आता या भरपाईची खोट. शहर 8 टक्क्यांपेक्षा वेगाने वाढलं, तर भरपाई मागे पडते. घोडबंदर पट्ट्यातल्या टॉवरांची वाढ या आकड्याला ठाऊक नाही. आणि नाक्यावरचा पैसा पालिकेचा स्वतःचा होता, अनुदानाचा हप्ता मंत्रालयातून येतो.

स्वस्त आयातीचा फायदा आहेच, नाही कोण म्हणतं? पण तो गिऱ्हाइकाच्या खिशात आज पडतो आणि तोटा दवाखान्याच्या बजेटात दोन वर्षांनी दिसतो. दोन्ही एकाच माणसाचे आहेत, हे तोवर विसरलेलं असतं.

प्रश्न : कर्करोगाचं एक औषध महिन्याला 2 लाख 80 हजारांना होतं आणि नंतर तेच नऊ हजारांच्या आत मिळू लागलं. हे कसं झालं, आणि सगळ्या महाग औषधांबाबत सरकार तसंच का करत नाही? (औषध विक्रेता, नेरूळ)

औषध सोराफेनिब, ब्रँड नेक्साव्हार. 200 मिलिग्रॅमच्या रोज चार गोळ्या, म्हणजे महिन्याच्या 120. मार्च 2012 मध्ये पेटंट नियंत्रकांनी नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना दिला. पेटंट मूळ कंपनी बायरकडेच राहिलं, गोळ्या नॅटकोने करायच्या आणि विक्रीवर रॉयल्टी द्यायची. ती आधी 6 टक्के होती, अपिलात 7 झाली.

पेटंट कायद्याच्या कलम 84 खाली यासाठी तीन कारणांपैकी एक पुरतं : लोकांची वाजवी गरज भागत नाही, किंमत परवडणारी नाही, किंवा पेटंट भारतात राबवलं जात नाही. अर्ज मात्र पेटंट मिळून तीन वर्षं झाल्यावरच करता येतो, आणि त्याआधी पेटंटधारकाकडे राजीखुशीने परवाना मागितल्याचा पुरावा लागतो. साधारण सहा महिने त्यात द्यावे लागतात. अर्ज इथेच अडकतात. 2013 मध्ये डॅसाटिनिब या कर्करोगाच्या औषधाचा अर्ज याच मुद्द्यावर फेटाळला गेला : पत्रव्यवहार पुरेसा केला नाही. सॅक्साग्लिप्टिन या मधुमेहाच्या औषधाचा अर्ज 2016 मध्ये फेटाळला, कारण त्याला पर्याय ठरतील अशी इतर औषधं बाजारात होती. या वाटेने मिळालेला परवाना आजवर तो एकच. सरकारकडे कलम 92 आणि 100 अशी स्वतःची हत्यारं आहेत, त्यांत कंपनीच्या अर्जाची वाट बघावी लागत नाही. ती म्यानातच आहेत, आणि त्याचं कारण कायद्यात शोधू नका, व्यापारी दबावात शोधा. थायलंडने 2006-07 मध्ये एचआयव्ही आणि हृदयरोगाच्या औषधांवर असे परवाने काढले, आणि 2007 मध्येच अमेरिकेने त्याला पेटंट-हक्कांबाबत नजर ठेवायच्या देशांच्या ‘प्राधान्य निगराणी यादी’त टाकलं.

तुमच्या प्रश्नाचं मोठं उत्तर परवान्यात नाही, त्याच्या एक पायरी आधी आहे. पेटंट मिळूच न देणं. 1970 च्या कायद्यात औषधाच्या पदार्थावर पेटंट नव्हतं, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर होतं. त्या काळात भारतीय कंपन्या तयार झाल्या आणि 2001 मध्ये सिप्लाने एचआयव्हीची तीन औषधं मिळून वर्षाला 350 डॉलरला देऊ केली. तेव्हा बाजारभाव 10 हजार डॉलरच्या पुढे होता. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स या बौद्धिक संपदेच्या करारामुळे 1 जानेवारी 2005 पासून पदार्थावरही पेटंट द्यावं लागलं. संसदेने कलम 3(ड) घालून एक पाचर मारून ठेवली : जुन्याच पदार्थाचं नवं रूप आणलं, तर ते गुणाला खरोखर जास्त आहे हे दाखवा. याच कलमावर 1 एप्रिल 2013 ला रक्ताच्या कर्करोगावरच्या ग्लिव्हेकचा दावा सर्वोच्च न्यायालयात पडला.

सार्वजनिक कार्यक्रमाला याचा फायदा कसा होतो, ते क्षयरोगाच्या बेडाक्विलिनमध्ये दिसतं. मूळ पेटंट जुलै 2023 मध्ये संपणार होतं. कंपनीने त्याच्या एका क्षारावर, फ्युमरेटवर, वेगळा अर्ज करून ठेवला होता. तो मंजूर होता तर मक्तेदारी आणखी काही वर्षं लांबली असती. क्षयरोगातून बऱ्या झालेल्या मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले यांनी पेटंट मिळण्याआधीच हरकत नोंदवली. मार्च 2023 मध्ये अर्ज नामंजूर झाला. त्याच वर्षी जागतिक खरेदीत सहा महिन्यांच्या कोर्सची किंमत 130 डॉलरपर्यंत, आधीच्या निम्म्याच्या आसपास, उतरली. तेवढ्याच पैशात दुप्पट रुग्ण. कुठल्याही अर्थसंकल्पात आरोग्याची तरतूद एका वर्षात दुप्पट झालेली आपण पाहिलेली नाही.

ज्या देशात कारखानेच नाहीत, त्यांचं काय? दोहा इथे नोव्हेंबर 2001 मध्ये सगळ्या देशांनी मान्य केलं, की ट्रिप्स आरोग्याच्या आड येऊ नये. ऑगस्ट 2003 मध्ये दुसऱ्या देशाने सक्तीच्या परवान्यावर औषध बनवून निर्यात करायची वाट काढली. रवांडाने 2007 मध्ये कॅनडाकडून एचआयव्हीच्या औषधाची 2 लाख 60 हजार पाकिटं मागितली. पहिला माल सप्टेंबर 2008 मध्ये निघाला. अटीच तशा : रंग वेगळा, खूण वेगळी, प्रत्येक देशासाठी आणि प्रत्येक खेपेसाठी स्वतंत्र परवाना. ही वाट पुन्हा कोणी चाललं नाही.

आता लक्ष ठेवायचं ते द्विपक्षीय करारांवर. त्यांत ‘डेटा एक्सक्लुझिव्हिटी’ हा शब्द शोधा. मूळ कंपनीच्या चाचण्यांचा आधार घेऊनच जेनेरिकला मंजुरी मिळते. तो आधार काही वर्षं बंद केला, तर पेटंट नसलेलं औषधही अडकतं. जुलै 2025 च्या भारत-ब्रिटन करारात हे कलम आलेलं नाही, मात्र औषधं उपलब्ध करण्याचा पसंतीचा मार्ग म्हणजे राजीखुशीचा परवाना, असं वाक्य आलं आहे. वाक्य सौम्य आहे. पुढच्या सक्तीच्या अर्जावेळी ते समोरच्या वकिलाच्या तोंडी असेल.

प्रश्न : मुलाला दुर्मीळ आजार आहे, औषध परदेशातून मागवावं लागतं. ड्युटी माफ होते म्हणतात, कशी? (पालक, कळवा)

1 एप्रिल 2023 पासून, दुर्मीळ आजारांच्या 2021 च्या राष्ट्रीय धोरणात नोंदलेल्या आजारांची औषधं आणि विशेष वैद्यकीय आहार वैयक्तिक वापरासाठी आणल्यास मूळ सीमाशुल्क माफ आहे. एरवी औषधांवर साधारण 10 टक्के लागतं. जुलै 2023 च्या जीएसटी परिषदेत अशाच आयातीवरचा आयजीएसटीही माफ करायचं ठरलं.

आधी निदानाच्या कागदावरचं आजाराचं नाव धोरणाच्या यादीतल्या नावाशी अक्षरशः जुळतंय का, ते तपासा. डॉक्टर बोलीतलं लघुरूप लिहितात आणि कस्टम्स तिथे अडवतं. मग जिल्हा शल्य चिकित्सकांकडून प्रमाणपत्र घ्या (राज्याचे आरोग्य संचालकही देऊ शकतात). सोबत औषध आयातीचा परवाना लागतो : अर्ज नमुना 12-अ, परवाना नमुना 12-ब, केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडून. त्याला नोंदणीकृत डॉक्टरची चिठ्ठी जोडायची आणि मात्रा 100 सरासरी डोसांच्या आत ठेवायची. हे सगळं हातात आल्याशिवाय परदेशातून पार्सल हलवू नका. थंड साखळीतलं औषध विमानतळावर कागदांसाठी पडून राहिलं, तर ड्युटी वाचेल आणि औषध जाईल.

कुरिअरवाल्याला लेखी कळवा, की बिल ऑफ एंट्री (आयात मालाचं कस्टम्सकडे द्यायचं विवरणपत्र) भरताना सवलतीच्या अधिसूचनेचा क्रमांक टाका. न टाकता ड्युटी भरून माल सोडवला, तर पुढे ते बिल दुरुस्त करून घेतल्याखेरीज परतावा निघत नाही, आणि त्यात महिने जातात. उपचाराच्या खर्चासाठी याच धोरणाखाली 50 लाखांपर्यंत मदत आहे. तिच्यासाठी परळच्या केईएम रुग्णालयातल्या केंद्रात नोंदणी करा.

प्रश्न : आमच्याकडे औषधांचा बराच कच्चा माल चीनहून येतो. त्यावर ड्युटी वाढवली तर देशी कारखाने उभे राहतील, पण सरकारी खरेदीवर काय परिणाम होईल? (रसायनतंत्रज्ञ, रबाळे एमआयडीसी)

तुमच्याच हिशोबाने पाहू. 500 मिलिग्रॅमच्या ॲमॉक्सिसिलिन कॅप्सूलला ट्रायहायड्रेट रूपात सुमारे 574 मिलिग्रॅम लागतं, म्हणजे किलोत 1,740 कॅप्सूल. कच्चा माल किलोमागे 500 रुपयांनी महागला, तर कॅप्सूलमागे सुमारे 29 पैसे. दुकानातल्या पट्टीत ते कोणाला जाणवणार नाहीत. पण सरकारी दरकरारात कॅप्सूलचा भावच मुळात पैशांच्या फरकाने ठरतो. एक लाख कॅप्सूलच्या पुरवठ्यावर 29,000 रुपयांचा खड्डा पडला, की पुरवठादार मनात हिशोब करतो : अनामत गेलेली परवडली. पुरवठा थांबतो, फेरनिविदा निघते, आणि दरम्यान खिडकीवर ‘बाहेरून आणा’ ऐकू येतं. यावर इलाज निविदेतच हवा : सीमाशुल्क बदललं तर दर किती आणि कोणत्या कागदावर बदलेल, याचं कलम. ते नसेल तर स्वस्तातली निविदा सगळ्यात महाग पडते.

देशी उत्पादन नको, असा याचा अर्थ नाही. पेनिसिलिन-जी, त्यातून 6-एपीए, त्यातून ॲमॉक्सिसिलिन अशी ही साखळी. चिनी भावापुढे देशात पहिली कडी बंद पडली आणि वरची सगळी परावलंबी झाली. 2020 मध्ये 6,940 कोटींची उत्पादनाशी जोडलेली प्रोत्साहन योजना आली, 2024 मध्ये काकीनाडाजवळ पेनिसिलिन-जी पुन्हा बनू लागलं. अनुदानाचा भार सगळ्या करदात्यांवर वाटला जातो, ड्युटीचा आजाऱ्यावर पडतो. दोन्हींत निवड करायची तर आमचा कौल अनुदानाला आहे.

प्रश्न : सिगारेट आणि दारूवर कर लावून तो आरोग्याला दिला, तर जागतिक व्यापार संघटना आडवी येते का? (प्राध्यापक, वाशी)

कराला येत नाही, भेदभावाला येते. थायलंडने परदेशी सिगारेटच्या आयातीवर निर्बंध घातले होते. 1990 मध्ये गॅटच्या (जागतिक व्यापार संघटनेच्या आधीचा व्यापार करार) मंडळाने सांगितलं, की ते चालणार नाहीत. देशी-परदेशी दोन्हींवर सारखा कर लावा, जाहिरात बंद करा. थायलंडने पुढे 2001 मध्ये तंबाखू आणि दारूच्या अबकारीवर 2 टक्के अधिभार लावून तो थेट आरोग्य संवर्धन निधीला जोडला.

फिलिपिन्सची गोष्ट त्याहून मजेची. तिथे ऊस, नारळ, ताड अशा देशी मालाच्या दारूवर कर नाममात्र होता, बाकी दारूवर कितीतरी पट. युरोप आणि अमेरिका जागतिक व्यापार संघटनेतल्या दाव्यात जिंकले (डिसेंबर 2011). सरकारने आयात दारूचा कर खाली आणला नाही, सगळी घडीच बदलली आणि त्यातच तंबाखूचा करही वाढवला. 2012 च्या कायद्याने वाढीव उत्पन्नाचा मोठा हिस्सा आरोग्याला बांधला. चार वर्षांत आरोग्य खात्याचं बजेट जवळपास तिप्पट झालं. व्यापारातला पराभव आरोग्याच्या पथ्यावर पडल्याचं असं दुसरं उदाहरण पटकन आठवत नाही.

पण बांधलेला पैसाही सुटतो. घानाने 2003 च्या कायद्याने आयातीसह वस्तू-सेवांवर 2.5 टक्के आरोग्य विमा आकार लावला. 2017 मध्ये तिथल्याच सरकारने अशा सगळ्या राखीव निधींना मिळून कर-उत्पन्नाच्या 25 टक्क्यांची मर्यादा घातली, वरचा पैसा सर्वसाधारण खर्चात. लोक मात्र आकार पूर्ण भरत राहिले.

प्रश्न : स्टेंटच्या किमती उतरवल्या म्हणून अमेरिकेने भारतावर सूड घेतला, हे खरं का? (ज्येष्ठ नागरिक, घोडबंदर रोड)

अर्धं खरं. फेब्रुवारी 2017 मध्ये औषध वितरित करणाऱ्या स्टेंटची कमाल किंमत 29,600 आणि साध्या धातूच्या स्टेंटची 7,260 ठरली. अमेरिकी उपकरण उत्पादकांनी तक्रार केली, दुग्धव्यवसायाचीही वेगळी तक्रार होती, आणि 5 जून 2019 पासून भारताची जीएसपी सवलत (विकसनशील देशांच्या मालाला अमेरिकेत मिळणारी शुल्कमाफी) गेली. भारताने किमतीची मर्यादा काढली नाही. पुढे हे दर बदलत गेले आहेत, तेव्हा आजचा दर सरकारच्या ‘फार्मा सही दाम’ ॲपवर पाहा. बिलात स्टेंटची किंमत, ब्रँड, उत्पादक आणि बॅच क्रमांक वेगळे दाखवणं रुग्णालयाला बंधनकारक आहे. ‘पॅकेज’ एवढंच लिहिलेलं बिल घेऊ नका.

प्रश्न : पालिकेच्या अर्थसंकल्पात आरोग्याचं नेमकं काय बघायचं? (गृहसंकुलाचे सचिव, ऐरोली)

फेब्रुवारीतल्या बातमीतला आकडा सोडून द्या, तो अंदाज असतो. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात एकाच ओळीत चार रकाने मिळतील : गेल्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, त्याचा सुधारित अंदाज, आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. मूळ अंदाज आणि सुधारित अंदाज यांच्यातली घट औषधं व शस्त्रक्रिया साहित्याच्या लेखाशीर्षात शोधा. इमारतींच्या आकड्यात मिसळलं की ती लपते. जमेच्या बाजूला ‘वस्तू व सेवाकर अनुदान’ बघा, ते एकूण महसुली उत्पन्नाच्या किती टक्के आहे ते काढा. राज्य पातळीवर तुलनेसाठी माप हवं असेल, तर 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांना बजेटच्या 8 टक्के सांगितले होते आणि देशाला सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 2.5 टक्के. देशाचा आकडा 2021-22 मध्ये 1.84 होता.

15व्या वित्त आयोगाने स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यासाठी पाच वर्षांत 70,051 कोटींची शिफारस केली होती. तुमच्या पालिकेला त्यातले किती आले आणि किती खर्च झाले, हे पुस्तकात सहसा एका जागी सापडत नाही. त्यासाठी माहितीचा अधिकार वापरा. महाराष्ट्रात अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो, म्हणून ‘आरोग्य अनुदान’ आणि ‘औषधखरेदी’ असे दोन अर्ज करा. शुल्क प्रत्येकी 10 रुपये, प्रतीला पानामागे 2 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस, पहिलं अपील त्यापुढच्या 30 दिवसांत 20 रुपयांत. ‘किती खर्च झाला’ असं विचारू नका. ‘वर्षनिहाय प्राप्त रक्कम, खर्च रक्कम आणि 31 मार्च रोजी अखर्चित शिल्लक यांच्या नोंदींच्या प्रती द्याव्यात’ असं लिहा. पहिल्याला उत्तर म्हणून पुन्हा तोच फेब्रुवारीचा आकडा येतो, दुसऱ्याला वहीचं पान द्यावं लागतं.